फुफू राखणीला

सकाळी फुफू बद्द वाजली आणि चटका बसल्यासारखा हाशमने हात मागे घेतला. त्याला वाटलं, बोटच नीट लागलं नसेल. जानेवारीत रियाधची थंडी हाडात शिरते, पेरं आखडतात. त्याने हात काखेत दाबून गरम केला आणि पुन्हा फुफूच्या पोटावर पेराने वाजवलं. बद्द. शेजारच्या मामूला वाजवलं. मामू नेहमीसारखा खणकन बोलला आणि त्याच्याखालची मामी त्याहून बारीक आवाजात बोलली. म्हणजे बोट शाबूत होतं. फुफूला तडा गेला होता.

फुफू, मामू, मामी ही मडकी होती. हाशमच्या बायकोने, सफूराने, हाताने वळलेली आणि हाशमने लोखंडी पाइपात ओवून अंगणात उभी केलेली. अंगण कसलं, घराची मागची भिंत आणि घरमालकाच्या आवाराची भिंत यांच्यामधली वाळूची पट्टी. तिथे एक लिंबाचं झाड, थोडा पुदिना आणि ही मंडळी. रोज पहाटेची नमाज झाली की हाशम बाहेर यायचा, एकेकाला सलाम म्हणायचा आणि पेराने वाजवायचा. मडकं बोललं की तो पुढे सरकायचा. सफूरा असताना हे काम तिचं होतं. तिच्या हातात बांगडी असायची, ती बांगडीने वाजवायची. सबंध नातेवाईक एका दमात जागे व्हायचे आणि आत चूल पेटायच्या आधी घरात माणसं आल्यासारखं वाटायचं.

"हाशमभाय, सगळे हजर?" वरच्या गच्चीतून हम्मादने विचारलं. तो रोजच विचारायचा. हम्माद हाशमच्याच कंपनीत गाडी चालवायचा, वरच्या मजल्यावर बायको अफशाँ आणि इंग्रजी शाळेतली मुलगी समरीन यांच्यासह राहायचा, आणि त्याचं गाव बाणकोटच्या खाडीच्या पलीकडचं, हाशमचं अलीकडचं. एवढ्यावर तो हाशमला भाऊ मानायचा आणि भावासारखी टिंगल करायचा.

"फुफूला तडा गेलाय," हाशम म्हणाला.

"रात्रीच्या धमाक्याने?"

"नायतर काय, मी लाथ मारली?"

हम्माद गच्चीच्या कठड्यावर वाकून पाहत राहिला. रात्री भोंगा वाजला होता. लढाई कुवेतची, पण गेले काही दिवस ती रियाधच्या आभाळात येऊन फुटत होती. रॉकेट कुठे पडलं ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. बत्हाच्या बाजारात प्रत्येक हॉटेलात ते वेगळ्या ठिकाणी पडत होतं. हाशमच्या घराच्या काचा थरथरल्या होत्या, इतकंच. तेवढ्याने फुफू गेली. आणि फुफू जाऊ शकते तर मामूही जाऊ शकतो. हे त्याच्या डोक्यात आलं आणि तिथेच बसलं.

खरी फुफू हाशमच्या बापाची थोरली बहीण होती. घसा कसल्याशा लहानपणच्या दुखण्याने बसला तो बसलाच. गावात कुणाचं लग्न निघालं की सगळं घर वऱ्हाडाबरोबर होडीत बसायचं आणि फुफू पडवीत पाय पसरून मागे राहायची. "जा तुमी. मी हाय ना." घराला कुलूप घालायची तिच्या हयातीत वेळच आली नाही. सलाम केला तर पुरतं उत्तर ती कुणालाच द्यायची नाही. घशातल्या घशात एक जाड "हं" यायचं, तोच तिचा वालेकुम सलाम. सफूरा नवी नवरी होऊन आली तेव्हा त्या "हं"ला घाबरली होती. पुढे दोघींचं असं जमलं की हाशमच परका वाटायचा. म्हणून ते लांब मानेचं, तोंड जरा एका बाजूला झुकलेलं मडकं भट्टीतून निघालं तेव्हा सफूरा मटकन खाली बसली आणि हसत सुटली. "अहो, ही तर फुफू! पान लावताना मान अश्शीच असायची." मग तिने बांगडीने वाजवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. मडकं पोरीसारखं किणकिणलं. "सगळं जमलं, तेवढा आवाज नाही जमला."

त्याआधी सफूराने जन्मात मडकं केलं नव्हतं. त्यांचा मुलगा राहील सातवी झाला आणि त्याला खेडला बोर्डिंगात ठेवावं लागलं, त्यानंतर ती दिवसभर तेच एक पातेलं घासत बसायची. घासून झालं की पुन्हा घासायची. हाशमला समजुतीचं बोलायला कधी जमलं नाही. तो पाइप बसवणारा माणूस. गटाराच्या लाइनीसाठी खोल चर खणताना त्याला पिवळट, लोण्यासारखी चिकण माती लागली, तर त्याने ती बादलीभर घरी आणली आणि तिच्यापुढे ठेवली. का आणली, ते त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. "हे काय?" तिने विचारलं. "माती." "ती दिसतेय. करू काय हिचं?" तो म्हणाला, "बघ." आणि अंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा तिचे कोपरापर्यंतचे हात पिवळे झाले होते आणि पातेलं तसंच खरकटं पडलं होतं. चाक नव्हतं. गावच्या कुंभारणीला लहानपणी पाहिलेलं आठवून ती मातीच्या लांब वळ्या करायची, वळीवर वळी चढवायची आणि आत हात घालून बोटाने सांधे दाबायची. शुक्रवारी हाशम ती मडकी कफीलच्या, म्हणजे त्याला कामावर आणणाऱ्या अरब मालकाच्या, खजुरीच्या बागेत घेऊन जायचा, खड्ड्यात रचायचा आणि वर वाळक्या झावळ्यांचा जाळ करायचा. निम्मी फुटायची. उरलेल्यांत पाणी भरलं की बाहेरून घाम सुटायचा आणि दुपारपर्यंत मडकं रिकामं. "भांडं म्हणून नापास," हाशम म्हणाला. तिला राग आला. "पाणी धरायचं नसेल तर नको धरू दे. उभं राहायला काय जातंय त्यांचं?"

मग उभं करण्याची जबाबदारी हाशमवर आली, आणि तिथे तो आपल्या घरी होता. माती ओली असतानाच बुडाला भोक ठेवायला त्याने तिला शिकवलं. सिमेंटच्या ठोकळ्यात पाइप रोवला, मडकी त्यावरून ओवली, आणि मडक्यावर मडकं घासू नये म्हणून दोघांमध्ये रबरी वॉशर घातला. आपल्या कामात त्याला कुणी कधी शाबास म्हटलं नव्हतं. पाइप जमिनीखाली जातो, तो कोण बघणार? इथे त्याचा पाइप वर आला होता. वाळूत उभी राहिलेली ती फुगीर, बारीक, कलती माणसं पाहून सफूरा म्हणाली होती, "तुमचा वॉशर नसता तर माझ्या माहेरच्यांनी तुमच्या घरच्यांची टाळकी फोडली असती." फक्त एका मडक्याने पाइपावर जायला नकार दिला. ते इतकं मोठं आणि जड झालं की जमिनीवरच बसलं, लिंबाखाली, कोपऱ्यात. ती सासू. म्हणजे हाशमची आई. "कुणाच्या डोक्यावर बसणार नाही आणि कुणाला बसू देणार नाही," सफूरा म्हणाली, आणि मग जरा थांबून, "हजला यायचं राहून गेलं बिचारीचं." हाशमला इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मिळाला आणि आईला बोलावणं जमण्यासारखं झालं, त्याच वर्षी ती गेली होती. म्हणून सासूचं तोंड सफूराने मुद्दाम पश्चिमेकडे, मक्केच्या बाजूला कलतं ठेवलं होतं. म्हणजे तिचं म्हणणं मुद्दाम. हाशमच्या मते ते आपोआप कललं होतं.

एकदा घरमालक अबू सालेह भिंतीवरून डोकावला. तो धार्मिक माणूस. बराच वेळ पाहून त्याने गंभीरपणे विचारलं, "ही माणसं आहेत का?" मूर्ती असली तर चालणार नव्हती. दाराआडून सफूरा कुजबुजली, "सांगा, डोळे नाहीत." हाशमने सांगितलं. अबू सालेह आत आला, वाकून प्रत्येक मडक्याला डोळे नाहीत, नाक नाही, याची खात्री करून घेतली, फुफूपाशी जरा जास्त वेळ थांबला, आणि मग म्हणाला, "माझ्या फाटकापाशी एक मिळेल का? जरा लठ्ठ बघून." सफूराने दाराआड ओढणी तोंडात कोंबली तरी तिचं हसू बाहेर आलं. ते हसू कधीकधी हाशमला अजून ऐकू यायचं, आणि त्या दाराकडे पाहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

सफूरा गेली त्याला आता दुसरा हिवाळा. तापाचं निमित्त झालं. इथल्या रिवाजाप्रमाणे कबरीवर नाव नाही, दगड आहे, आणि सगळे दगड सारखे. सुरुवातीला हाशम दर शुक्रवारी भिंतीपासून ओळी मोजत जायचा. मग नव्या ओळी आल्या, मधली एक भिंत पाडली, आणि एके दिवशी रखवालदाराने त्याला सांगितलं की भाऊ, तू ज्याच्यापाशी बसतोस तो माणूस यमनी आहे, मीच पुरलाय. कितीतरी शुक्रवारच्या दुआ त्या यमन्याला गेल्या होत्या. घरी येताना हाशमला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला सफूराचाच आवाज ऐकू आला, बसू द्या हो, त्याचं इथे कोण आहे, आणि बसमध्ये त्याला हसू आलं, आणि शेजारचा पठाण सरकून बसला. तेव्हापासून तो यमन्यालाही सलाम करून येतो. पण सफूरा कुठे आहे, ते त्याला माहीत नाही. अंगणात ती आहे, तेवढं माहीत आहे. म्हणून भोंगे सुरू झाल्यावर खेडहून राहील फोनवर ओरडला, "अब्बा, तुम आते क्यूँ नहीं?" तेव्हा हाशम म्हणाला, "इथे माणसं आहेत माझी." राहीलला वाटलं, म्हातारा हम्मादबद्दल बोलतोय.

त्या दिवशी कामावर सुट्टीच होती. हाशमने हत्यारांच्या पेटीतून पाने काढले आणि पाइपांवरून मडकी उतरवायला सुरुवात केली. घराच्या मागच्या खोलीची खिडकी त्याने आधीच प्लास्टिकने आणि चिकटपट्टीने बंद केली होती. विषारी वायू आला तर बसायला म्हणून प्रत्येक घरात अशी एक खोली झाली होती. वरच्या मजल्याला काचाच काचा, म्हणून हम्मादचं घरही भोंगा वाजला की खाली याच खोलीत यायचं. हे हाशमला माहीत नव्हतं असं नाही. पण दुपारभर ते त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याने गाद्या अंथरल्या, मामू-मामीला गोधडीत गुंडाळलं, त्यांच्यामध्ये उशा कोंबल्या, कंपनीने दिलेल्या गॅसच्या मुखवट्याचा खोका पाचर म्हणून घातला. मडकी उचलताना हात आत जायचा तेव्हा बोटांना आतल्या भिंतीवरचे खळगे लागायचे, वळीवर वळी दाबताना सफूराच्या बोटांनी पडलेले, एकाखाली एक. त्याचं बोट त्यात मावत नव्हतं. सासूला आत न्यायला हम्मादला खाली यावं लागलं. तिला आडवी करून, दाराची चौकट खरवडत, दोघांनी ती आत ढकलली.

"हाशमभाय, आई गं, माझी कंबर," हम्माद म्हणाला. "ऐका माझं. उद्या सकाळी आम्ही मक्केला निघतोय. अफशाँला दिवस गेलेत, तिला हे धमाके नाही सोसत. तिकडे तिचा भाऊ आहे हॉटेलात. कफीलकडून प्रवासाचा कागद आणलाय, तुमचं पण नाव घातलंय. यल्ला, चला, उमरा होईल, काबा बघून होईल, लढाई निवली की परत."

"मी कसा येणार? हे बघतोयस ना?"

"काय बघू? मडकी?"

"तू त्यांना मडकी म्हण."

"बरं, मामू म्हणतो. मामू चार दिवस नाही राहणार एकटा?"

फुफूचं काय करायचं, हे हाशम ठरवत होता. खोलीत आता तिळाएवढी जागा नव्हती. तडा गेलेलीच आहे, असं मनाला सांगून त्याने तिला बाहेर लिंबापाशी ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून आत आला. खरी फुफूही होडी सुटताना अशीच मागे राहायची.

संध्याकाळची नमाज संपते न संपते तोच भोंगा वाजला. जिन्यावर पावलं धडधडली. पुढे अफशाँ, पोट सांभाळत, मागे हम्माद, त्याच्या कडेवर पाच वर्षांची समरीन, तिच्या तोंडावर बापाचा मुखवटा, हनुवटीखाली उतरलेला. हम्मादने खोलीचं दार ढकललं. दार हातभर उघडलं आणि मामीला अडलं.

"हाशमभाय," हम्माद म्हणाला, "आम्ही बसायचं कुठं?"

दुपारभर हाशम ही खोली भरत होता. गाद्या, गोधड्या, उशा, सगळं नीट, कुणाला धक्का लागू नये असं. माणूस कुठे मावेल, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. खुद्द त्याच्यासाठीही जागा नव्हती. अफशाँने आत डोकावलं, गोधडी पांघरून बसलेल्या मामूला पाहिलं, आणि भीतीने की कशाने, तिला हसू फुटलं. "या अल्ला, हे आधीच येऊन बसलेत!"

"काढा," हाशम म्हणाला. "पटपट काढा."

त्याने मामीला उचलून हम्मादकडे दिलं, हम्मादने ती अंगणात ठेवली. मावशी, तिच्यामागे दोन चुलत मेहुण्या. "सांभाळून दे," असं एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही. मामूला उचलताना गोधडीत पाय अडकला आणि मामू त्याच्या हातातून सुटला. फुटण्याचा आवाज मोठा झाला. हाशम त्याच्यावरून पाय टाकून पुढे गेला, अफशाँला हाताला धरून भिंतीशी बसवलं, दाराखाली ओला टॉवेल कोंबला. सासू तेवढी राहिली; ती बाहेर काढायला वेळ नव्हता. समरीन तिच्याकडे बघत होती. मग मुखवटा काढून टाकून ती सासूच्या काठावर चढली आणि आत उतरली. फक्त डोकं वर.

"समरीन, बाहेर ये," हम्माद ओरडला.

"नो," आतून घुमत आवाज आला. "ये मेरा रूम है."

दूर काहीतरी उडालं, मग जवळ, मग डोक्यावर आभाळ फाटल्यासारखं झालं. काचा वाजल्या. अफशाँ मोठ्याने कलमा पढत होती. हाशमचा हात सासूच्या काठावर होता आणि त्याला ती थरथरताना कळत होती. तिच्या आत समरीन कानावर हात ठेवून बसली होती. अंगणातून मडक्यांचा आवाज आला. नुकतीच बाहेर ठेवलेली सगळी मंडळी आपल्या उघड्या तोंडांनी एकदम गुणगुणली. मामीचा बारीक सूर त्याने ओळखला. मेहुण्यांचा जोड सूर ओळखला. आणि त्या सगळ्यांच्या खाली एक जाड, घोगरी घरघर होती. ती कुणाची, ते त्याला चटकन कळेना.

"चाचा, ये कौन है?" समरीनने मडक्याच्या पोटावर हात मारत विचारलं.

"ही माझी आई."

समरीनने आत वाकून पाहिलं. "बहुत मोटी है," ती म्हणाली, आणि हाशम हसला. हम्माद हसला. कलमा मध्येच तोडून अफशाँही हसली आणि लगेच तौबा म्हणाली. सुटकेचा भोंगा झाला तेव्हा पोरगी सासूच्या पोटात झोपून गेली होती.

सकाळ स्वच्छ होती. अंगणात मामूखेरीज कुणाचा टवकाही उडाला नव्हता. हाशम मामूची खापरं गोळा करायला बसला आणि एक खापर त्याने उलटं केलं. आतली बाजू आजवर त्याच्या बोटांनी ओळखली होती, डोळ्यांनी पाहिली नव्हती. उन्हात सफूराच्या बोटांचे ठसे ओळीने उभे होते, गडबडीने दाबलेले, एक जरा तिरका, एका ठिकाणी नखाची चंद्रकोर. तिला स्वयंपाक करपल्याचा वास आला असेल आणि ती तशीच उठली असेल. त्याने ते खापर सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि पाने घेऊन पाइपापाशी गेला. वॉशर, मामी, वॉशर, मावशी. मंडळी पुन्हा एकावर एक उभी राहिली. मामूच्या जागी, सगळ्यात वर, त्याने फुफूला चढवलं.

बाहेर हम्मादची पिकअप लागली होती, आणि समरीनचं रडणं गल्लीभर झालं होतं. ती सासूतून निघायला तयार नव्हती. "शी इज कमिंग विथ मी!"

"अगं, मडकं आहे ते," हम्माद म्हणाला.

"नो! ये चाचा की अम्मी है!"

अफशाँ हाशमकडे बघत होती. हाशमने सासूकडे पाहिलं. तोंड अजून पश्चिमेकडेच कललेलं.

"जाऊ दे तिला," तो म्हणाला. "तिचं हजचं राहिलंय."

हम्मादने कपाळावर हात मारला. "आणि धरणार कोण? तायफचा घाट आहे. पहिल्या वळणावर तुमची आई माझ्या सामानावर येईल."

लिंबावर एक चिमणी आली आणि उडाली. हाशमने हात सदऱ्याला पुसले. खिशातलं खापर हाताला लागलं.

"दोन पंचे घेऊन येतो," तो म्हणाला. "मक्केत इहराम गुंडाळायला लागतील."

हम्मादने तोंड उघडलं आणि अफशाँने त्याला कोपराने ढोसलं, तसं त्याने ते मिटलं.

पंचे घेऊन, मागचं दार ओढून हाशम अंगणातून निघाला. कुलूप त्याच्या हातात होतं. पाइपापाशी तो थांबला. सगळ्यांना वाजवायला वेळ नव्हता. बाहेर हम्माद हॉर्न वाजवत होता आणि समरीन गाडीत चढवलेल्या आजीला काहीतरी इंग्रजीत समजावत होती. त्याने टाचा उंचावल्या.

"सलाम, फुफू. आम्ही जाऊन येतो."

आणि पेराने वाजवलं.

"हं," फुफू म्हणाली.

हुबेहूब. हाशम हसत हसत त्या न पाहायच्या दाराकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? जमला आवाज." कुलूप त्याने खिशात टाकलं, खापराशेजारी, आणि अंगणाचं दार नुसतं लोटून घेऊन तो गाडीकडे गेला.